घरच्या सांग्रियात ब्रँडी हवीच का?

रानजाई : एप्रिल-मेमध्ये घरी चारजण जमले की हल्ली सांग्रिया (वाईनमध्ये फळं, रस आणि सोडा घालून केलेलं स्पॅनिश पेय) ठरलेली, आणि जवळजवळ प्रत्येक कृतीत ब्रँडी. आपल्या उकाड्यात ती घालूच नये, असं माझं ठाम मत आहे. हिशेब बघा. १३ टक्क्यांच्या ७५० मिली वाईनमध्ये साधारण ९७ मिली अल्कोहोल असतं. आपल्याकडची ४२.८ टक्क्यांची ब्रँडी १०० मिली ओतली की त्यात आणखी ४३ मिलीची भर. जवळपास दीडपट! वर रस आणि साखर असल्याने जिभेला पत्ताच लागत नाही. पाहुणे तहानेपोटी तिसरा ग्लास घेतात आणि मग गाडी काढतात. याची मला खरोखर भीती वाटते.

कोकणकडा : नाही पटलं. ब्रँडी चढण्यासाठी नसते. फळं आधी तिच्यात मुरली की त्यांचा वास वाईनला लागतो. ती वगळून नुसता सोडा ओतलात तर पुचाट आंबट पाणी उरतं. स्पेनमध्येही पुष्कळ घरांत घालतात.

रानजाई : त्याच स्पेनमध्ये उन्हाळ्यात सर्रास पितात ते तिंतो दे वेरानो. रेड वाईन, लिंबाचा गोडसर सोडा आणि भरपूर बर्फ. ब्रँडी नाही. शिवाय युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमाप्रमाणे सांग्रिया म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयात अल्कोहोल १२ टक्क्यांच्या आतच लागतं.

कोकणकडा : मग तो नियम माझ्याच बाजूचा! तुमच्याच मापात १०० मिली रस आणि २५० मिली सोडा घाला, ११.७ टक्के होतात.

रानजाई : विकतच्या बाटलीवर आकडा छापलेला असतो. घरच्या भांड्यावर काय असतं?

मोसंबीवाली : ब्रँडीवरून वाद चाललाय, पण चव बिघडते ती वाईन आणि फळांमुळे. पाहुण्यांचा मान म्हणून ओकच्या पिंपात मुरलेली महागडी नाशिकची रेड आणू नका, थंड केली की तिचा तुरटपणा जास्तच जाणवतो. साधी, कोवळी रेड घ्या. मोसंबी सालासकट रात्रभर ठेवली तर कडवटपणा उतरतो. साल आणि आतला पांढरा भाग काढा, दोन-चार तास पुरे. हापूस तर मुळीच नको, गर सुटून सगळं गढूळ होतं. आंबा हवाच असेल तर व्हाईट वाईन आणि तोतापुरीच्या करकरीत फोडी. सोडा मात्र वाढताना ग्लासातच ओता.

अंगणातला : माझं मत रानजाईंना. घरी मुलं असतात, आणि भांड्याच्या तळाची फळं त्यांना खुणावतात. ब्रँडीत मुरलेली फोड त्यांच्या हाती लागू नये. ज्याला हवी त्याने आपल्या ग्लासात मापाने ३० मिली घालावी.

कोकणकडा : मुलांचं एकदम मान्य, भांडं उंचावर ठेवीन. पण वरून ओतलेली ब्रँडी फळांत मुरणार कधी? ते नाहीच पटत.