स्टारफाइंडर: ऑपरेटिव्हचा ट्रिक अटॅक कमी करावा का?

गोदाकाठ, नांदेड

आमचा पाच जणांचा गट दर दुसऱ्या रविवारी स्टारफाइंडर या फाशांवर खेळायच्या, अंतराळातल्या रोल-प्लेइंग खेळाची २०१७ ची पहिली आवृत्ती खेळतो आणि गेम मास्टरची, म्हणजे खेळ चालवण्याची आणि शत्रू-नकाशे रचण्याची, जबाबदारी माझ्याकडे आहे. पात्रे आता पाचव्या लेव्हलला आहेत. आमच्यातला सोल्जर या लढवय्या क्लासचे (पात्रप्रकाराचे) पात्र खेळणारा मित्र परभणीहून रेल्वेने येतो. मागच्या सेशननंतर त्याने मला विचारले की, त्याचे पात्र फक्त लढाईसाठीच बनलेले असेल, तर लढाईतही तो ऑपरेटिव्ह या हेरगिरीच्या क्लासच्या मागे का पडतो. मला उत्तर देता आले नाही, म्हणून घरी येऊन हिशेब मांडला.

शत्रू एकच, पण तगडा, सीआर (शत्रूच्या ताकदीची पातळी) ८ चा आणि ईएसी (ऊर्जाशस्त्रांविरुद्धची एसी, म्हणजे हल्ला लागण्यासाठी गाठायचा आकडा) २० असलेला धरू. दोघांचेही डेक्स्टेरिटी मॉडिफायर (चपळाईचा बोनस) ४ आहे. सोल्जरची रायफल १डी१० ची (दहा पैलूंचा एक फासा) असून वेपन स्पेशलायझेशनमुळे त्यात पूर्ण लेव्हल मिळते, म्हणजे लागलेल्या प्रत्येक गोळीला सरासरी १०.५ डॅमेज होते. फुल अटॅकमध्ये, म्हणजे पूर्ण फेरी हल्ल्यालाच दिली तर, दोन गोळ्या मिळतात, पण दोन्हींवर ४ ची वजावट बसते, त्यामुळे वीस पैलूंच्या फाशावर किमान १५ पडावे लागतात. फेरीमागे सरासरी निघते ६.३.

ऑपरेटिव्हच्या १डी६ च्या आर्क पिस्तुलाला अर्धीच लेव्हल मिळते, मात्र ट्रिक अटॅक (शत्रूला युक्तीने चकवून केलेला हल्ला) साधला की ३डी८ वाढतात आणि एकूण १९ होतात. शिवाय शत्रू फ्लॅट-फूटेड (बेसावध) होऊन त्याची एसी २ ने घटते, त्यामुळे सोल्जरचा बेस अटॅक बोनस (हल्ल्याच्या फाशात मिळणारा मूळ बोनस) २ ने जास्त असल्याचा फायदा तिथेच संपतो. आमच्या घोस्ट प्रकारच्या ऑपरेटिव्हचा स्टेल्थ (लपण्याच्या स्किलचा आकडा), ट्रिक अटॅकचे ४ धरून, १९ आहे आणि गाठायची डीसी २५, म्हणजे चारपैकी तीन वेळा युक्ती साधते. सरासरी ७.७. त्यामुळे ट्रिक अटॅकचा एक डी८ काढून टाकण्याचा घरचा नियम करावा, असे माझे मत झाले आहे.

देवगिरीची लेक, छत्रपती संभाजीनगर

गोदाकाठ दादा, आपण मांडलेल्या हिशेबात एक चूक आहे आणि निष्कर्ष तिच्यावरच उभा आहे. ट्रिक अटॅकची डीसी २० अधिक लक्ष्याचा सीआर अशी असते; आपण २० मध्ये पात्राची लेव्हल मिळवली आहे. सीआर ८ च्या शत्रूसाठी डीसी २८ होते, १९ च्या स्टेल्थला फाशावर ९ लागतात आणि यश ७५ वरून ६० टक्क्यांवर येते. युक्ती फसली तर शत्रू फ्लॅट-फूटेड होत नाही, पिस्तुलाचे साधे ५.५ डॅमेज तेवढे उरते आणि तेही ४० टक्के वेळाच लागते. हे सर्व धरले तर ऑपरेटिव्हची सरासरी सुमारे ६.६ येते. ६.६ आणि ६.३ यांतला फरक टेबलावर कोणाला जाणवणार नाही. तेवढ्यासाठी इतके दिवस जपलेल्या पात्राची धार एका खेळाडूकडून काढून घेणे मला अन्यायाचे वाटते.

मी विचारीन ते वेगळेच. आपला नकाशा कसा होता?

गोदाकाठ, नांदेड

ताई, चूक मान्य आहे. नियम पुन्हा वाचला, आपले म्हणणे बरोबर आहे. नकाशाचे म्हणाल तर लघुग्रहावरचा चाच्यांचा किल्ला मी दौलताबादच्या किल्ल्यावरून रचला होता. भोवती खंदक, आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर तिथल्या अंधारीसारखे अरुंद, वळणावळणाचे भुयार.

देवगिरीची लेक, छत्रपती संभाजीनगर

मग आपल्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर त्या भुयारात आहे. अंधारी पाहिलेल्या कोणालाही ते लगेच पटेल. तिथे शत्रू एकामागे एक येतो आणि सोल्जरकडे असलेली खरी मालमत्ता, म्हणजे एका घावात अनेकांना गाठणारी ब्लास्ट आणि एक्सप्लोड प्रकारची शस्त्रे, निरुपयोगी ठरते, कारण स्फोटाच्या वर्तुळात निम्मे आपलेच लोक येतात. ऑपरेटिव्हला मात्र एकच लक्ष्य पुरते, कारण ट्रिक अटॅक ही स्वतःच फुल अ‍ॅक्शन असून तीत हल्ला एकदाच होतो. पुढच्या वेळी लढाई किल्ल्याखालच्या उघड्या माळावर घ्या, सहा-सात हलके शत्रू आणा आणि मग हिशेब मांडा. आपण शत्रू कोणते आणता आणि त्यांना कुठे उभे करता, यावर तोल ठरतो. पुस्तकातला आकडा बदलण्याआधी गेम मास्टरने आपला हात तपासावा.

बालाघाट, अंबाजोगाई

देवगिरी ताईंचा हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही. सीआर ५ च्या, ईएसी १७ च्या शत्रूवर हीच मांडणी मी करून पाहिली, तर ऑपरेटिव्ह १०.० आणि सोल्जर ९.५ असा निकाल आला. फरक थोडा आहे हे खरे, तरी ज्या क्लासला मूळ ८ स्किल रँक (स्किलमध्ये घालायचे गुण) मिळतात, ज्याला सर्व स्किलवर आणि इनिशिएटिव्हवर (लढाईत कोण आधी खेळणार हे ठरवणाऱ्या फाशावर) एज हा बोनस मिळतो, तो लढाईतही पुढेच राहतो. सोल्जरला मूळ रँक ४. सेशनमधले तासन्‌तास कुलुपे, संगणक आणि वाटाघाटींत जातात तेव्हा तो बसून असतो, आणि त्या बसण्याचा मोबदला लढाईत मिळेल या भरवशावरच त्याने तो क्लास घेतलेला असतो. त्यात फुल अटॅकसाठी त्याला जागेवर उभे राहावे लागते. ट्रिक अटॅकमध्ये चालणे धरलेलेच आहे. सोल्जर चालला की एकच गोळी, त्या सीआर ८ च्या शत्रूवर सरासरी ५.२५. पुढे आठव्या लेव्हलला ऑपरेटिव्हला तीन हल्ले मिळतात, सोल्जरला त्यासाठी अकरावी गाठावी लागते. एवढे सगळे गेम मास्टरच्या नकाशाने भरून काढायचे असेल, तर नियमपुस्तकाने आपले काम त्याच्यावर ढकलले असेच मी म्हणेन.

आणि पुस्तकातला आकडा पवित्र नसतो. यानांच्या लढाईत डीसीमध्ये टियरची (यानाच्या पातळीची) दुप्पट मिळवली जात होती. प्रकाशक पायझोने स्वतः दुरुस्ती काढून ती दीडपट केली.

देवगिरीची लेक, छत्रपती संभाजीनगर

बालाघाट, यानांचा दाखला इथे लागू पडत नाही. तिथे वाढीचा वेगच चुकला होता: पात्राचे स्किल लेव्हलमागे साधारण एकाने वाढे आणि डीसी दोनाने, म्हणजे यान जितके चांगले तितके ते चालवणे अवघड. असा दोष कोणत्याही टेबलावर, कोणत्याही नकाशावर दिसतोच. ऑपरेटिव्हची आघाडी तशी नाही. स्किलबद्दलची तक्रार मात्र मला मान्य आहे. पण सोल्जरच्या क्लास स्किलमध्ये इंजिनिअरिंग, पायलटिंग आणि इंटिमिडेट आहेत. दादांच्या किल्ल्यात बिघडलेली लिफ्ट किंवा घाबरवता येईल असा पहारेकरी होता का?

गोदाकाठ, नांदेड

नव्हता. ती उणीव माझी. तरीही चालण्याचा आणि उभे राहण्याचा मुद्दा मला निर्णायक वाटतो, कारण त्यात नकाशा बदलून फारसा फरक पडत नाही. म्हणून मूळ प्रस्ताव मागे घेतो आणि दुसरा ठेवतो: ऑपरेटिव्हला हात लावायचा नाही, सोल्जरच्या फुल अटॅकवरची वजावट ४ ऐवजी ३ करायची. त्या सीआर ८ च्या शत्रूवर त्याची सरासरी ७.३५ होते, ऑपरेटिव्ह ६.६ वर राहतो, आणि कोणाच्या पात्रातून काहीही जात नाही.

मांजरातीर, लातूर

मी २०२५ ची दुसरी आवृत्ती चालवतो. तिथे तीन अ‍ॅक्शनची पद्धत आल्यामुळे फुल अटॅकच उरलेला नाही, म्हणून शांतपणे वाचत होतो. दादांचा हा प्रस्ताव पहिल्यापेक्षा बरा आहे, पण लिहून ठेवण्याआधी दोन गोष्टी ठरवा. आपल्या गटात उद्या कोणी सोलारियन घेऊन आला, तर तोही पूर्ण बेस अटॅक बोनसचा लढवय्या आहे. त्याला ही सवलत कोणत्या कारणाने नाकारणार? आणि अकराव्या लेव्हलला सोल्जरचे तीन हल्ले ६ च्या वजावटीने येतात, तेव्हा ते ५ होणार की ६ च राहणार? मित्राला होकार कळवण्यापूर्वी हे ठरलेले असावे, कारण एकदा दिलेले परत मागणे ट्रिक अटॅकचा डी८ काढण्याहून कठीण जाईल.

गोदाकाठ, नांदेड

सोलारियनलाही देईन. अकराव्या लेव्हलचे ६ तसेच ठेवीन. तोपर्यंत ३ ची सवलत कशी चालते ते कळलेले असेल. येत्या रविवारी तीच टोळी आधी भुयारात आणि मग माळावर, अशा दोन लढाया घेऊन प्रत्येक फेरीचे डॅमेज वहीत उतरवतो आणि आकडे इथेच देतो.