पुण्यातल्या रविवार पेठेतला तेजाबाचा धूर: आता तरी थांबवायचा का?

खिडकीवाली: आमचा वाडा सोन्या मारुती चौकाच्या मागे. खालच्या आटणीवाल्याकडून, म्हणजे जुनं सोनं शुद्ध करून देणाऱ्याकडून, तांबूस धूर निघाला की आई खिडक्या लावून घेते. वर्षानुवर्षं हेच. सोनं विरघळवणारं हे तेजाब, म्हणजे आम्लराज, आपण सगळेच शाळेत शिकलो: तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. शिकलो नाही ते एवढंच, की त्याचा वास पोळ्यांना लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने २०२५ मध्ये पोहण्याच्या तलावात टाकतात ती क्लोरीनची पावडर मिठाच्या पाण्यात वापरून सोनं विरघळवून दाखवलं. मग गंधकयुक्त पॉलिमरने ते सोनं पकडलं. रॉयल मिंटने २०२४ मध्ये वेल्समध्ये सर्किट बोर्डांतून सोनं काढायचा कारखानाच उघडला, तिथे सोनं नेहमीच्या तापमानालाच विरघळतं. मग पेठेत आम्लराज कशाला? दाट वस्तीत सरळ बंदी घाला.

मुशीवाला: ताई, तिसरी पिढी आहे आमची. मोड (जुने दागिने) घेऊन आलेला माणूस समोर बाकावर बसून असतो, त्याला संध्याकाळी शुद्ध सोनं हातात हवं. आम्लराजात काम पटकन होतं. हिराकस (फेरस सल्फेट) टाकली की सोन्याची तपकिरी पूड खाली बसते. धुवायची, मुशीत घालायची. तूट किती येणार ते मला रंगावरून कळतं. नव्या पावडरीत दोन गुंजा कमी आल्या तर ऑस्ट्रेलियावाले भरून देणार का?

पाषाणचा_केमिस्ट: तुटीचं सोडा, जीव सांभाळा. ती क्लोरीन पावडर हायड्रोक्लोरिकमध्ये पडली तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही बाटल्या एकाच फळीवर ठेवणारा आटणीवाला मला डोळ्यासमोर दिसतोय. सवय न बदलता नुसती पावडर बदलली तर आजचा धूर परवडला म्हणाल.

आणि या नव्या पद्धतींना लावतात त्या ‘हरित’ या शब्दाला मी भुलत नाही. खाणीत सोनं विरघळवायला विषारी सायनाइड वापरतात; अमेरिकेत नेवाडातल्या गोल्डस्ट्राइक खाणीने २०१४ मध्ये त्याऐवजी कमी विषारी थायोसल्फेट वापरायला घेतलं होतं. पण थायोसल्फेटमधलं सोनं ते पकडायच्या कोळशाला नीट चिकटत नाही, त्याला वेगळं रेझिन लागतं. विरघळवणं हे निम्मंच काम.

भोसरीकर: असं म्हणत बसलो तर काहीच बदलायचं नाही. सायनाइडची पद्धत १८८७ ची, तीही तेव्हा नवीनच होती की! माझं म्हणणं उलटं: पेठेतल्या दागिन्यांपेक्षा ई-कचऱ्यातल्या सर्किट बोर्डांची काळजी करा. बोर्डात सोनं चिमूटभर आणि तांबं ढीगभर. आम्ल आधी तांब्यावरच खर्च होतं. म्हणून शेडमध्ये बसून बादल्याच्या बादल्या ओतणारे लोक जास्त घातक. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, नोंदणी झालेले रिसायकलरही आहेत. बुधवार पेठेतला मेकॅनिक मात्र जुने बोर्ड किलोवर भंगारवाल्यालाच देतो, कारण तो रोख देतो.

पाषाणचा_केमिस्ट: तांब्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण मग तुमच्या हरित द्रावणातही तेच तांबं, तेच शिसं उतरू शकतं. धूर जाईल, पाणी तसंच राहील.

खिडकीवाली: धूर गेला तरी आमच्यासाठी पुष्कळ आहे हो. तुम्ही पाषाणच्या झाडीत राहता. बंदीची मागणी मी सोडत नाही, निदान धूर धुऊन काढणारा स्क्रबर तरी सक्तीचा करा. मुशीवाले दादा, खरं सांगा, तुमच्याकडचं उरलेलं पाणी कुठे जातं?

मुशीवाला: मोरीत तसंच ओतत नाही, देवाशपथ. चुना घालतो, गाळ बसू देतो, मग वरचं पाणी सोडतो. स्क्रबरला जागा कुठे? दुकान आठ बाय दहाचं.

भोसरीकर: आणि गाळ?

मुशीवाला: तो झारेकरी नेतो, सराफांच्या केरातून सोनं काढणारा. केराबरोबर गाळाचेही पैसे देतो, त्यात सोन्याचा कण राहिलेला असतो ना.

खिडकीवाली: मग तो झारेकरी ते सोनं कशात काढतो?

मुशीवाला: तेजाबातच काढत असेल. कुठे, ते कधी विचारलं नाही.