मदत हवी आहे: पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा, अशा जोड्या सुचवा (गप्पा दहा मिनिटांत आटपतात!)

गोदाकाठी_गप्पा

नमस्कार मंडळी,

नाशिकरोडला आमचा छोटासा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. बँकेतून नि प्रेसमधून निवृत्त झालेले काका, आम्हा सगळ्यांपेक्षा दांडगं वाचन असलेल्या तीन-चार काकू, इंजिनिअरिंगची दोन पोरं आणि जमेल तसे उगवणारे आम्ही नोकरदार.

दिवाळीनंतर ठरवलं की नुसतं पुस्तक नको, पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा किंवा मालिका अशी जोडी घ्यायची. पहिली 'शाळा' घेतली. पाचव्या मिनिटाला एक काकू म्हणाल्या, "काही म्हणा, पुस्तकच भारी." सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला, विषय संपला. 'नटरंग'ला उलटी गत. कादंबरी दोघांनीच वाचलेली, सिनेमा मात्र सगळ्यांना तोंडपाठ. मग तासभर अजय-अतुलची गाणी आणि अतुल कुलकर्णींनी त्या भूमिकेसाठी शरीर कसं घडवलं नि उतरवलं यावरच चर्चा. आनंद यादवांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही.

तर मदत अशी हवी आहे की, भांडण पेटेल अशा जोड्या सुचवा. पुस्तक फार जाड नसावं, कारण 'वेळच झाला नाही' हे दर वेळी ऐकतोय. मराठी असेल तर उत्तम, परदेशी जोड्या सध्या नकोत. आणि गप्पा सुरू कशा करायच्या, तेही सांगा. 'तुम्हाला काय आवडलं?' असं विचारलं की सगळे परीक्षेला बसल्यासारखे गप्प होतात.

जाता जाता: हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे. तिथेच सिनेमा दाखवला तर चालतं का? तिकीट वगैरे नाही, घरचीच माणसं.

कट्टेकरी_कायमचा

'दुनियादारी'. विषय संपला.

मिसळ_जरा_तिखट

विषय संपला कसला, सुरू होईल! सुशिंची (सुहास शिरवळकरांची) कादंबरी उशाला ठेवून कॉलेज काढलेली माणसं आणि २०१३ चा सिनेमा थेटरात चारदा पाहिलेली माणसं एका हॉलमध्ये बसवू नका. काचा सांभाळा.

कट्टेकरी_कायमचा

धागाकर्त्यांना भांडणच हवंय की. माझं मत विचाराल तर सिनेमात दिग्या आणि साई दोघेही जमलेत, पण पुस्तकातला कट्टा आळशी, रिकामटेकडा आणि थोडा वाया गेलेला आहे. पडद्यावर तो फार चकचकीत झाला.

मिसळ_जरा_तिखट

चकचकीत झाला म्हणून तर आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी पुस्तक विकत घेतलं. ते कुठल्या खात्यात मांडणार?

पडद्यामागची

दोघंही थांबा जरा. गोदाकाठी, तुमची अडचण जोड्यांची कमी आणि प्रश्नाची जास्त आहे असं वाटतं. 'पुस्तक भारी की सिनेमा' हा प्रश्न आपोआप येतोच, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं. म्हणून तो विचारायचाच नाही. मी दर वेळी एकच गोष्ट विचारते: पुस्तकात गोष्ट सांगतंय कोण, आणि सिनेमात त्या माणसाचं काय झालं?

तुमचीच 'शाळा' घ्या. बोकिलांच्या कादंबरीत सगळं मुकुंद जोशी सांगतो. शिरोडकर आपल्याला दिसते ती फक्त त्याच्या डोळ्यांनी. तो जे बोलून दाखवत नाही तेच पानंच्या पानं आपण वाचतो. आणीबाणीही त्याला नववीतल्या पोराला कळेल तेवढीच कळते. सिनेमात कॅमेरा आला की शिरोडकर सगळ्यांना सारखीच दिसायला लागते. केतकी माटेगावकर समोर उभी आहे, आता मुकुंदाच्या मनातली शिरोडकर कुठून आणायची? काहींच्या मते अंशुमन जोशीच्या चेहऱ्यावर ती दिसते. मला अर्धीच दिसली. मुकुंदाचा नरूमामा मात्र मला सिनेमात जास्त आवडला, जितेंद्र जोशीने त्याला वजन दिलं. आता सांगा, यावर तुमच्या काकू 'पुस्तकच भारी' म्हणून गप्प बसतील?

याच कादंबरीवर २००७ साली 'हमने जीना सीख लिया' नावाचा हिंदी सिनेमाही आला होता. पोरांना तोही बघायला सांगा. एकाच पुस्तकाचे दोन सिनेमे समोर आले की 'पुस्तक विरुद्ध सिनेमा' हा सामनाच मोडतो.

पुढची जोडी म्हणून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घ्या. एका रविवारात संपते, त्यामुळे सबब चालणार नाही. तिथेही 'मी' आहे, कोवळा मास्तर, एकटाच वाट तुडवत वाडीत येतो. अमोल पालेकरांच्या १९९५ च्या सिनेमात हा मास्तर चंद्रकांत कुलकर्णींनी केलाय आणि कारभारी चंद्रकांत मांढऱ्यांनी. पुस्तकात दुष्काळ येतो तो अगदी शेवटी आणि कोरड्या आवाजात. माडगूळकर कुठेही गळा काढत नाहीत, वाडी रिकामी होत जाते एवढंच सांगतात. सिनेमाला तीच रिकामी वाडी दाखवावी लागते. सांगणं आणि दाखवणं यात तुम्हाला कुठे जास्त लागलं, एवढंच विचारा आणि बाजूला व्हा.

पेपरवाला_जुना

+१ वरच्या प्रतिसादाला. माझी एक भर. 'सिंहासन' घ्या, पण एक युक्ती करा. जब्बार पटेलांचा हा १९७९ चा सिनेमा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर उभा आहे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'. पटकथा तेंडुलकरांची. गटाचे दोन भाग पाडा. अर्ध्यांनी एक कादंबरी वाचायची, अर्ध्यांनी दुसरी, आणि सिनेमा सगळ्यांनी पाहायचा. मग कुठलं पात्र, कुठला प्रसंग कुणाच्या पुस्तकातला हे जुळवताना लोक आपोआप बोलायला लागतात. कुणी शहाणपणा दाखवायला जात नाही, कारण प्रत्येकाकडे अर्धीच माहिती असते. आमच्या ग्रुपमध्ये हे करून पाहिलंय, रात्री उशिरापर्यंत कुणी उठायला तयार नव्हतं.

अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री, लागूंचा विश्वासराव दाभाडे, दुभाषींचा डिकास्टा... आणि या सगळ्यांमधून वही घेऊन फिरणारा निळूभाऊंचा दिगू टिपणीस. आयुष्यभर निळूभाऊंना खलनायक म्हणून शिव्या घालणाऱ्या प्रेक्षकाला हा दिगू दाखवा. पत्रकारितेत काही काळ काढलेला माणूस म्हणून सांगतो, सगळं कळतं पण काही करता येत नाही, ही अवस्था मराठी पडद्यावर याच्याइतकी नेमकी मी दुसरीकडे पाहिली नाही. शेवटावर मुद्दाम काही लिहीत नाही.

लिंगोबाचा_डोंगर

'जैत रे जैत' राहिलाच! गोनीदांची (गो. नी. दांडेकरांची) छोटी कादंबरी, १९७७ चा सिनेमा, दिग्दर्शक पुन्हा जब्बार पटेलच. माझं टोपणनाव त्यातल्याच डोंगराचं, तेव्हा माझा पक्षपात कळला असेल. प्रश्न एकच ठेवा: महानोरांचे शब्द आणि हृदयनाथांचं संगीत काढून टाकलं तर सिनेमा उरतो का? माझ्या मते उरतो, कारण स्मिता पाटीलची चिंधी उरते. बायको म्हणते नाही उरत. घरात हे भांडण वर्षानुवर्षं चालू आहे.

शांत_वाचक

स्मिता पाटील निघाल्याच आहेत तर 'उंबरठा'ही नोंदवून ठेवा. शांता निसळांची 'बेघर' ही मूळ कादंबरी. त्यातली नायिका सुलभा महाजन सिनेमापुरतीच माहीत असलेले लोक भरपूर आहेत, मीही पुष्कळ दिवस त्यातलाच. पुस्तक मात्र जुन्या ग्रंथालयात शोधावं लागेल, म्हणून महिनाभर आधी सांगा.

पडद्यामागची

आणि हो, तुम्ही नाशिकचे आहात तर 'श्यामची आई' तुमच्या घरचंच. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिलं. इथे तीन बाजू मिळतात: पुस्तक, अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा (वनमाला आणि माधव वझे, पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळवणारा), आणि २०२३ चा कृष्णधवल सिनेमा. हा दुसरा सुजय डहाकेंचा, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या 'शाळा'चेच दिग्दर्शक. त्यात ओम भूतकरने साने गुरुजी केलेत. पुस्तकात श्याम आश्रमातल्या मंडळींना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे आपल्याला आई दिसते ती मोठ्या झालेल्या मुलाच्या आठवणीतून. दोन्ही दिग्दर्शकांनी या सांगणाऱ्या श्यामचं काय केलं, तेवढंच बघा. रडू येतं की नाही यावर चर्चा नेऊ नका, तिथे गेलात की परत येत नाही.

कायद्याचं_बोला

प्रोजेक्टरबद्दल. घरी चार माणसांनी बघणं वेगळं आणि हॉलमध्ये लोक जमवून दाखवणं वेगळं. 'तिकीट लावलं नाही म्हणजे परवानगी नको' हा समज सर्रास आहे, पण सिनेमाच्या बाबतीत तो धरून चालू नका. प्रदर्शनाचे हक्क ज्याच्याकडे, त्याला विचारावं लागतं. ओटीटीचं वर्गणीदार खातंही खाजगी वापरासाठीच असतं. पुढे खरंच नियमित खेळ करायचे असतील तर फिल्म सोसायटी हा सरळ मार्ग आहे, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून तेच करतंय. तोवर सगळ्यांनी आपापल्या घरी बघून यावं आणि हॉलमध्ये फक्त बोलावं. मला तर तेच बरं वाटतं. अडीच तास सिनेमा पाहिल्यावर लोकांना घरी जायचं असतं, चर्चा करायची नसते.

पिठलं_भाकरी_ठेचा

सगळे गंभीर झालात. ज्यांचं वाचन होतच नाही त्यांच्यासाठी चिं. वि. जोशींची एकच गोष्ट वाचायला द्या. दूरदर्शनवरची 'चिमणराव'ची मालिका आठवणारे काका-काकू तुमच्याकडे असणारच. प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ ज्यांनी पाहिलाय, त्यांना आता पुस्तक वाचताना दुसरा कुठला चेहरा दिसतच नाही. पोरांनी काहीच पाहिलेलं नाही. दोघांनी तीच गोष्ट वाचून चिमणराव कसा दिसतो ते सांगायचं. खर्च शून्य, हसणं भरपूर.

गोदाकाठी_गप्पा

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. कट्ट्याच्या ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात ठरलंसुद्धा. पुढच्या महिन्यात 'बनगरवाडी'. मग जूनमध्ये 'श्यामची आई', ११ जूनला साने गुरुजींची पुण्यतिथी असते त्याच आठवड्यात. 'सिंहासन'ची फाळणी पावसाळ्यात, प्रेसवाले काका आत्ताच 'मुंबई दिनांक' मागून बसलेत. 'दुनियादारी' मी मुद्दाम लांबवतोय, हॉलचं डिपॉझिट माझ्या नावावर आहे. प्रोजेक्टर रद्द.

दोन शंका उरल्या. 'बनगरवाडी'च्या प्रती सगळ्यांना कशा मिळतील? आणि पोरं विचारताहेत, पुस्तक वाचण्याऐवजी ऐकलं तर चालेल का?

शांत_वाचक

प्रतींचं सोपं आहे. सार्वजनिक वाचनालयाचे सभासद तुमच्यात असतीलच, दोघा-तिघांनी आपापल्या नावावर काढा आणि आठवड्याला हात बदला. पातळ पुस्तक आहे, विकत घेतलं तरी कुणाचं दिवाळं निघणार नाही. पहिल्या पानावर प्रत्येकाने पेन्सिलीने तारीख टाकायची, म्हणजे कुणाकडे अडकलंय ते कळतं. ग्रंथालयाच्या प्रतीवर मात्र नको, तिथे वेगळी चिठ्ठी ठेवा.

पडद्यामागची

ऐकलेलं चालेल की. फक्त दीडपट वेगाने ऐकू नका म्हणावं त्यांना, माडगूळकरांची वाक्यं आधीच आखूड आहेत.