परिविक्षेत असताना संघटनेचं सदस्य व्हावं का?

नवी_महसूल_सहायक:
जिल्हाधिकारी कार्यालयात नुकतीच रुजू झाले, परिविक्षा (प्रोबेशन) दोन वर्षांची. संघटनेचे पदाधिकारी पावतीपुस्तक घेऊन आले होते. घरचे म्हणतात, कायम होईपर्यंत थांब. सदस्य झाल्यास धोका असतो का? आणि उद्या मेमो आला तर संघटना नेमकं काय करू शकते?

आस्थापना_टेबल:
ताई, सदस्यत्वाला धोका नाही. संघटना करण्याचा हक्क अनुच्छेद १९(१)(ग) चा आहे आणि परिविक्षाधीन कर्मचारी त्यातून वगळलेला नाही. वर्गणीची पावती घ्या, संघटना शासनमान्य आहे का तेही विचारा.

परिविक्षेत माणसं अडकतात ती कागदांमुळे. वैद्यकीय प्रमाणपत्र, चारित्र्य पडताळणी, जात वैधता (लागू असेल तर), संगणक अर्हता, सेवाप्रवेशोत्तर परीक्षा. यातलं एक राहिलं की कायम करण्याचा प्रस्ताव परत येतो. दोन वर्षं भरली म्हणून परिविक्षा संपली असं धरू नका, तसा आदेश निघावा लागतो. मुदत भरत आली की स्वतः अर्ज द्या आणि पोच घ्या. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत मागून घ्या. पगारातून राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे १० टक्के कापले जात असतील तर शासनाचा १४ टक्के हिस्साही खात्यात दिसायला हवा. या योजनेच्या खात्याचा प्रान क्रमांक मिळायला उशीर झाला की पुढची सगळी जुळवाजुळव रखडते.

जुना_सरचिटणीस:
सदस्यत्व वेगळं, संप वेगळा. संपाचा मूलभूत हक्क सरकारी कर्मचाऱ्याला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रंगराजन प्रकरणात स्पष्ट केलं. तरीही संप होतात. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये संप झालाच होता. पण अशी गैरहजेरी विनावेतन ठरू शकते, आणि परिविक्षाधीनाची परिविक्षा तेवढी लांबू शकते. काळी फीत लावणं, सुट्टीच्या वेळेत द्वारसभेला जाणं यात तेवढी जोखीम नाही.

आणखी एक, बदली किंवा मेमोसाठी आमदारांचं पत्र आणू नका. वर्तणूक नियमांत तोच स्वतंत्र गैरवर्तनाचा मुद्दा होतो, आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

विभागीय_चौकशी:
मेमोचं उत्तर मुदतीत आणि लेखीच द्या. माहिती हवी असेल तर आधी कागदपत्रांच्या प्रती मागा आणि मुदतवाढीचा अर्ज करा. गप्प बसलात तर तुम्हाला काही म्हणायचं नाही असं धरून पुढची कारवाई होऊ शकते. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ मधला नियम १० किरकोळ शिक्षांचा, नियम ८ जबर शिक्षांच्या चौकशीचा. नियम ८ खाली दोषारोपपत्र आलं तर बचाव सहायक म्हणून दुसरा शासकीय कर्मचारी घेता येतो. संघटनेचा खरा उपयोग इथे: प्रकरणं हाताळलेला माणूस मिळतो. अपिलाची मुदत ४५ दिवस.

परिविक्षेत 'काम समाधानकारक नाही' एवढ्यावर सेवा संपवता येते. मात्र आदेशाच्या मुळाशी गैरवर्तनाचा ठपका असेल तर चौकशीशिवाय तो टिकणं कठीण; १९७४ च्या शमशेर सिंह निकालापासून न्यायालयं आदेशाच्या शब्दांपलीकडे पाहतात. दाद मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण), मुंबई, नागपूर किंवा औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) खंडपीठात. आधी अपील केलेलं असावं. अंतिम आदेशापासून मुदत एक वर्ष.

नवी_महसूल_सहायक:
मैत्रीण जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक आहे. तिलाही हेच लागू का?

विभागीय_चौकशी:
नाही. तिला जिल्हा परिषद जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम १९६४ लागू, आणि मॅटचं दारही तिच्यासाठी नाही. तिने तिच्या संवर्गाच्या संघटनेकडेच जावं. तुमच्या संघटनेने दिलेला उत्तराचा मसुदा तिथे जसाच्या तसा वापरला तर नियमांचे क्रमांकच चुकतील.