इपॉक्सी पॅटर्नचे कोपरे उडतात, हार्डनर वाढवू का नॅनो सिलिका घालू?

शिरोली_पॅटर्न:
मंडळी, शिरोली एमआयडीसीत पॅटर्न शॉप आहे आमचं, फौंड्रीवाल्यांना इपॉक्सीचे पॅटर्न (वाळूचा साचा पाडायचे नमुने), कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा वाळूचा गाभा पाडायचे साचे) करून देतो. माल कडक होतोय, झिजत पण नाही, पण मोल्डिंगला जरा ठोका बसला की कोपऱ्याचा टवका उडालाच. पोरं म्हणतात हार्डनर वाढवा, सप्लायर म्हणतो नॅनो सिलिका, म्हणजे सिलिकाची अतिबारीक पूड घाला. काय करू?

उद्यमनगरकर:
हार्डनर नका वाढवू भावा. साध्या लिक्विड रेझिनला टेटा (नेहमीचं अमाइन हार्डनर) 100 ला 13 च्या आसपास लागतं वजनानं, काट्यावर मोजूनच घाला. जास्तीचं अर्धवट जोडलेलं राहतं आणि माल उन्हात लगेच मऊ पडतो.

पॉलिमर_राजारामपुरी:
दादा, खरं दुखणं रेझिन आणि हार्डनर जोडून रेणूंचं जे जाळं बनतं त्यात आहे. टेटाचे रेणू आखूड, त्यामुळं गाठी जवळजवळ पडतात, चीर सुरू झाली की रेझिनला ताणायला जागाच नाही, सरळ फुटतं. जुना उपाय सीटीबीएन नावाचं पातळ रबर, ते आधी रेझिनमध्ये विरघळतं आणि क्युअर होताना, म्हणजे माल कडक होताना, वेगळं होऊन मायक्रॉनभर थेंब बनतात, पण थेंब केवढे होणार ते तापमान आणि क्युअरच्या वेगावर, शिवाय थोडं रबर विरघळलेलंच राहतं म्हणून टीजी, म्हणजे माल ज्या तापमानाला मऊ पडतो ते, उतरतं. कोअर-शेल रबराचे कण (आत रबर, वर कडक कवच) आधीच बनवलेले, 100 नॅनोमीटरच्या आसपास, क्युअर कसंही झालं तरी आकार तोच. चिरेच्या टोकाशी हे कण आतून फाटतात, मग भोवतीचं रेझिन ताणलं जातं आणि सगळा जोर तिथंच खर्ची पडतो. पण जाळं फार घट्ट असेल तर रबर घालून लई फरक पडत नाही, पीअर्सन आणि यी यांनी 1989 लाच दाखवलंय हे. म्हणून थोडा टेटा काढून लांब साखळीचं पॉलिइथर डायअमाइन हार्डनर घ्या, मात्र त्याचं प्रमाण वेगळं, हिशोब नव्यानं करायचा. नुसत्या सिलिकानं मुख्यतः कडकपणा वाढेल, तो तुमच्याकडं आहेच की!

शिरोली_पॅटर्न:
धन्यवाद ताई, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही ॲल्युमिनियम पावडर भरतो त्यात, चालेल का? आणि भट्टी नाही, नुसतं रात्रभर ठेवतो.

पॉलिमर_राजारामपुरी:
पावडर चालेल, जरा कमी घाला कारण मिश्रण घट्ट होतं. कोअर-शेल रेझिनमध्ये मिसळलेलाच विकत घ्या, कोरडा कण हातानं ढवळून गुठळ्या सुटत नाहीत. आणि नुसतं रात्रभर ठेवून क्युअर अर्धवटच होतं, दुसऱ्या दिवशी 60 ते 80 डिग्रीला दोनचार तास ठेवाच, हळूहळू तापवत. आधी छोटी पट्टी ओतून वाकवून, ठोकून बघा, मगच पॅटर्नला हात घाला.