टाचेत कळ आणि रात्री मुंग्या: एकच दुखणं की दोन?

खडूवाली
शाळेत शिकवते, सगळे तास उभ्यानेच. सकाळी पलंगावरून पाय टेकवला की उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. भिंत धरून चार पावलं टाकली की सैल पडतं. रात्रीचा प्रकार वेगळाच. दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, तळवे भगभगतात, पांघरुणाचा स्पर्शसुद्धा नकोसा होतो. साखर काठावर आहे असं मागे सांगितलं होतं, औषध चालू नाही. घरच्यांची मतं: वय झालं, चप्पल बदल, बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या घे. जाऊ कुणाकडे?

पायपीट
दोन दुखणी आहेत, निदान तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, टाचेचे पेशंट रोज बघते.

सकाळची पहिली पावलं जड आणि मग आराम, ही टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या पट्ट्याची खूण, म्हणजे प्लांटर फॅशिआयटिस. पलंगावरून उतरायच्या आधीच बसून उजवा पाय डाव्या मांडीवर घ्या, बोटं हाताने नडगीकडे ओढा. दुसऱ्या हाताचा अंगठा तळव्यावर फिरवला तर ताणलेली दोरी लागते. ती लागली नाही तर ताण कमी पडतोय. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा. पोटऱ्याही ताणा, घरात अनवाणी फिरू नका. महिने लागतात, आठवड्याभरात कंटाळून सोडू नका.

मुंग्यांचं मूळ मात्र नसांत वाटतं. पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब, म्हणून बिघाड आधी तिथेच जाणवतो, आणि बहुधा दोन्हीकडे सारखा. एकाच पायात असत्या तर घोट्यात दाबलेली नस किंवा कंबर तपासायला सांगितलं असतं. आधी फिजिशियनकडे जा. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, करून घ्या: 5.7 ते 6.4 टक्के म्हणजे काठावर, 6.5 पासून पुढे मधुमेह. काठावर असतानाही नसांना त्रास होऊ शकतो. बी-ट्वेल्व्ह आणि थायरॉइडही बघा. आणि कृपा करून गोळ्या सुरू करायच्या आधी रक्त द्या, नाहीतर आकडा फसवतो.

गोडबोल्या
गोळ्यांवरून एक. गोळी बी-कॉम्प्लेक्सची असेल तर पाकिटावर बी-सिक्स किती आहे ते वाचा. ते फार दिवस फार प्रमाणात घेतलं तर त्यानेच मुंग्या येतात. माझा मधुमेह जुना आहे, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीवर बी-ट्वेल्व्ह घसरलं होतं, तेही भरून काढावं लागलं.

डॉक्टरांनी पायमोजे काढायला लावून नायलॉनचा एक धागा तळव्याला टेकवला. तो वाकेपर्यंत दाबला की 10 ग्रॅमचा दाब पडतो. डोळे मिटून सांगायचं, कळलं की नाही. मग कंप पावणारा, चिमट्यासारखा दिसणारा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्याच्या हाडावर. मला तिथे काहीच कळेना, घोट्यावर कळला. तेव्हापासून रोज रात्री आरशात तळवे बघतो, कारण फोड आला तरी दुखणार नाही. गरम पाण्याची पिशवी पायाला बंद. रात्रीची आग प्रीगाबालिनने कमी झाली, सुरुवातीला गरगरायचं. नस दुरुस्त करणारं ते औषध नव्हे, एवढं लक्षात ठेवा.

खडूवाली
आभार. नसांची विजेची तपासणी करून घेऊ का? शेजारणीची नॉर्मल आली, तरी तिला त्रास आहेच.

पायपीट
ती जाड नसा मोजते. आग आणि टोचणी बारीक नसांची असेल तर ती नॉर्मल येऊ शकते, म्हणून शेजारणीचं काही खोटं नाही. तुमची गरज आहे का ते डॉक्टर तपासून ठरवतील, आधीच पैसे घालू नका.

मात्र पाऊल लटकायला लागलं, बधिरपणा भराभर वर चढला, किंवा मांड्यांच्या मधे बधिर होऊन लघवी अडली, तर अपॉइंटमेंट वगैरे नाही, थेट इमर्जन्सीत जायचं.