शेगडी आणि सिंकला तारेची घासणी लावावी का?

निळीसायली: शेजारचं नवं सिंक वर्षाच्या आत तांबूस ठिपक्यांनी भरलं. "स्टीललाही गंज? दुकानदाराने फसवलं," असा घरातला सूर. मी वाकून बघितलं, तर ठिपके नेमके तिथेच जिथे ओली तारेची घासणी रात्रभर पडून असते. माझं स्पष्ट मत आहे, ही घासणी शेगडी, सिंक, चिमणी, फ्रिजचं दार यांच्या आसपासही येऊ देऊ नये. स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हवा लागली की त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर वर धरतो आणि आतलं लोखंड सांभाळतो. साध्या लोखंडी तारेचे कण तिथे रुतून बसतात. आधी गंजतात ते कण, आणि बोल लागतो सिंकला. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ स्पंज आणि शेवटी कोरडं फडकं, रोजच्याला एवढं पुरतं.

दुपारचाचहा: नाही पुरत, ताई. दूध उतू जाऊन करपलं, फोडणीचं तेल बर्नरभोवती तापून तापून वार्निशासारखं घट्ट बसलं, की स्पंज नुसता वरून फिरतो. घाईघाईत चार घरं उरकणाऱ्या मावशींनी काय करायचं? आणि तुम्ही सांगता तो थर ओरखडा पडला तरी हवेत लगेच पुन्हा धरतो, हे लिहिलंच नाहीत. आमच्याकडे आईच्या काळातली पातेली आजही तारेनेच घासली जातात आणि एकालाही गंज नाही.

निळीसायली: थर पुन्हा धरतो, मान्य. पण त्याला पृष्ठभाग स्वच्छ लागतो. पातेलं विसळून पालथं पडतं आणि वाळतं. शेगडीवर मात्र बर्नरच्या कडेला खारट ओल तशीच राहते, आणि मिठातलं क्लोराइड नेमकं तो थर फोडून बारीक खड्डे पाडतं. ओरखड्यांत ते जास्तच अडकतं. करपलेल्यावर खाण्याचा सोडा पाण्यात जाडसर कालवून थापायचा, वर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबायचं, मग लाकडी उलथन्याने हलकेच सोडवायचं. पुसताना स्टीलच्या रेषांच्या दिशेनेच हात फिरवायचा, आडवा नाही. मावशींना वेळ नसतो हे खरंच आहे, म्हणून सोडा आपण आधी लावून ठेवावा.

माडबागायत: आम्ही मालवणकडचे. इथे तार न लावताही खाऱ्या वाऱ्याने चिमणीवर तपकिरी डाग धरतात. तुम्ही दोघं घासणीवर भांडताय, पण आधी स्टीलचा ग्रेड, म्हणजे त्यात कोणते धातू किती हे सांगणारा क्रमांक, विचारा. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजाला लवकर बळी पडतं. चुंबकावर विसंबू नका. 430 ला चुंबक चिकटतं, तरी तेही स्टेनलेसच. आणि चिकटलं नाही म्हणून 304 ठरत नाही, 202 लाही सहसा चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

दुपारचाचहा: ग्रेडचं पटलं. पण सिंकच्या वासाला मी ब्लीच ओततो आणि बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगरने काढतो. आता तेही बंद का?

निळीसायली: व्हिनेगर किंवा लिंबू चालेल, क्षार त्यानेच सुटतात, फक्त नंतर भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच नकोच, त्यातही क्लोराइड असतं. आणि ही दोन एकत्र तर कधीच येऊ देऊ नका. ब्लीचमध्ये आम्ल गेलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद स्वयंपाकघरात तो छातीत भरतो.

दुपारचाचहा: हे मात्र आजच घरी सांगतो. पण तार घरातून जाणार नाही. लोखंडी तवा आणि कढई कशाने घासू?

निळीसायली: तव्याला खुशाल लावा. तीच घासणी नंतर शेगडीवर फिरते, माझं भांडण तिथे आहे.

दुपारचाचहा: फिरणारच. मावशी दोन घासण्या वेगळ्या ठेवत बसणार नाहीत, आणि मीही त्यांना तसं सांगणार नाही.